वेदनेवर हालचालीचा इलाज
कंबर धरली की अंथरूण धरावे, हा घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हुकूम आता वैद्यकशास्त्रानेच रद्दबातल ठरवला असून, दीर्घ विश्रांतीने स्नायू क्षीण होतात, सांधे आखडतात आणि जी वेदना टाळण्यासाठी मनुष्य निजून राहिला तीच अधिक बळावते, हे आता मान्य झाले आहे. गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या पुढील स्नायूंचे बळ वाढवले असता सांध्याला आधार मिळून दुखणे उतरते. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही हे खरे, परंतु जिना चढता येऊ लागतो, आणि रुग्णाला हवे असते ते बहुधा तेवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली जुनाट कंबरदुखीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांत नियोजित व्यायामाची शिफारस असून, कंबर ताणण्याच्या ज्या ट्रॅक्शनवर आणि ध्वनिलहरींच्या ज्या अल्ट्रासाऊंड उपचारावर आपल्याकडील कित्येक दवाखान्यांची मदार आहे, ते उपाय सरसकट योजू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. असा व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीचे शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1953 साली सुरू झाले; परंतु भातलावणीत दिवसभर वाकून कंबर गमावलेल्या कोकणातील स्त्रीने या उपचारासाठी मुंबई गाठावी काय? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टच्या कायम पदाची तजवीज सरकारने करावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. कारण वेदनाशामक गोळी कोणीही देऊ शकतो, पण व्यायाम शिकवणे, तो पारखणे आणि प्रकृतीनुसार बदलणे, हे काम आठवडोन्‌आठवडे त्याच जाणत्या माणसाने करावे लागते.