वसतिगृहाची निवड आणि भाषांचा शेजार

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी कोणत्या वसतिगृहात राहावे, हा प्रश्न सामान्यतः पालकांचा समजला जातो. खोलीचे भाडे, खानावळीचे दर, वर्गापासूनचे अंतर, मुलींच्या बाबतीत फाटक बंद होण्याची वेळ, एवढ्या गोष्टींची चौकशी झाली की निवड पार पडली असे मानण्याचा प्रघात आहे. या चौकशा अनाठायी नाहीत. सतराअठरा वर्षांचे मूल प्रथमच घराबाहेर पडते तेव्हा त्याच्या पोटाची आणि सुरक्षिततेची काळजी सर्वांत आधी वाटणे स्वाभाविक आहे. तथापि केंद्रीय विद्यापीठात, जेथे एकाच मजल्यावर अनेक भाषा नांदतात, या प्रश्नाला आणखी एक बाजू असते. शेजारच्या खाटेवर कोणती भाषा झोपते आणि कोणती भाषा स्वप्नात बडबडते, ही ती बाजू होय. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे केवळ गृहव्यवस्थेचा तपशील म्हणून पाहू नये. ‘भारतीय साहित्य’ या संकल्पनेची चर्चा परिसंवादांतून पुष्कळ होते. तिचा पहिला प्रत्यक्ष अनुभव मात्र विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या खोलीत येतो, किंवा कधीच येत नाही.

काला अंब या स्थळाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. दिल्लीच्या उत्तरेस, राजधानी परिसरातच मोडणाऱ्या पानिपत शहराबाहेर हे स्मारक आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीच्या संग्रामाची खूण म्हणून मराठी माणूस येथे आवर्जून येतो. दिल्लीत शिकणारे मराठी विद्यार्थीही संक्रांतीच्या सुमारास गटागटाने येतात. त्यांच्या मनात पानिपत हे गाव नसतेच, तो एक वाक्प्रचार असतो. ‘पानिपत होणे’, ‘संक्रांत कोसळणे’, ‘भाऊगर्दी’ या शब्दांतून त्या दिवसाचे दुःख मराठीच्या नित्य बोलण्यात मुरलेले आहे. मराठी मित्रांच्याच घोळक्यातून आलेला विद्यार्थी स्तंभापुढे नतमस्तक होतो, हळहळतो आणि आणले होते तेवढेच घेऊन परत जातो.

त्याच विद्यार्थ्याचा खोलीतील सोबती उर्दूचा अभ्यासक असेल तर चित्र पालटते. त्या सोबत्याच्या लेखी पानिपत ही अल्ताफ हुसेन हाली यांची जन्मभूमी आहे. हालींचा ‘मुसद्दस’ १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १८९३ च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ने उर्दू समीक्षेचा पाया घातला. शहरातील बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याच्या आवारात हालींची कबर आहे. ख्वाजा अहमद अब्बास याच गावचे. सोबती पंजाबी असेल तर १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी येथे पुन्हा उभे केलेले माग त्याला दिसतील. तो हरियाणाच्या रोड समाजातील असेल तर त्याच्या घरात आपले मूळ मराठ्यांशी जोडणारी परंपरा सांगितली जात असेल. ती इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते हा वेगळा प्रश्न, पण ती श्रद्धा जिवंत आहे. एका गावाला अशा तीनचार भाषांच्या स्मृती चिकटलेल्या आहेत, याचे ज्ञान व्याख्यानातूनही होऊ शकेल. परंतु सोबत्याबरोबर आधी स्मारकाकडे आणि मग दर्ग्याकडे पायी गेलेल्याला ते जसे होईल तसे व्याख्यानाने होणार नाही. आणि तो कोणाबरोबर जाणार हे जानेवारीत ठरत नाही. प्रवेशाच्या दिवसांत वसतिगृहाचा अर्ज भरताना ठरते.

येथे एक आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. परक्या शहरात नव्याने आलेल्या मुलाला आपल्या माणसांचा आधार नको काय? विशेषतः ज्याच्या घराण्यात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याला ‘मिसळून राहा’ असा उपदेश करणे सोपे असते. त्याचा भार मात्र त्यालाच वाहावा लागतो. महाराष्ट्राच्या वसतिगृहांचा इतिहास या आक्षेपाला बळ देतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९६ मध्ये राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह काढले. दार सर्वांना उघडे होते. तरी काही वर्षांतच ते व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. या अनुभवानंतर महाराजांनी मार्ग बदलला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे जैन, मुसलमान, लिंगायत अशी समाजवार बोर्डिंगे उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. जातिभेदाचा कट्टर विरोधक असलेला राजा जातवार वसतिगृहे काढतो यात विसंगती पाहणारे आजही भेटतात. वास्तविक त्यामागील तर्क सरळ होता. नुसते उघडे दार समानता आणत नाही; आत शिरल्यावर टिकून राहता येईल अशी जागा प्रथम हवी.

मात्र या कथेचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत असताना जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि बोर्डिंग सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. जी जागा आधारासाठी उभारली होती तीच सोवळ्याची भिंत बनू शकते, हा धडा त्यांना विद्यार्थिदशेतच मिळाला. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. समाजवार बोर्डिंगे काढणाऱ्या राजाचे नाव मिश्र वसतिगृहाला मिळावे यात औचित्य होते. एकाने आधार दिला आणि दुसऱ्याने त्या आधाराला पुढची पायरी जोडली. साताऱ्याचे वसतिगृह १८९६ च्या कोल्हापुरातील वसतिगृहासारखे एकाच वर्गाच्या ताब्यात गेले नाही, याचे श्रेय केवळ सद्भावनेला देता येणार नाही. तेथे श्रम सर्वांना सारखे होते. दळण, पाणी, शेण, भाकरी यांची वाटणी झाली की कोणी यजमान आणि कोणी आश्रित राहत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात हे दोन्ही टप्पे एकत्र आढळतात. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा प्रथम कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये उतरले. तेथील जेवण मानवेना म्हणून ते कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि अखेर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. तेथे त्यांचे सोबती होते नवल भथेना हे पारशी विद्यार्थी. या सहवासातून जडलेला स्नेह जन्मभर टिकला, आणि पुढील अडचणीच्या काळात भथेनांचे साहाय्य त्यांना झाले. ज्याला बडोद्यात पुढे राहायला जागा मिळाली नाही, त्याला दूरदेशी खोलीतला सोबती मिळाला. तथापि याच आंबेडकरांनी १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सोलापुरात वसतिगृह काढले ते दलित विद्यार्थ्यांसाठी. स्वतः मिश्र सहवासाचे मोल अनुभवलेल्या माणसाने हे केले, कारण त्या काळच्या सोलापुरात त्या मुलांना दुसरे छप्पर मिळण्याची शक्यता नव्हती.

मराठी साहित्याने वसतिगृहाची दखल आधीच घेतलेली आहे. ‘कोसला’चा (१९६३) पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याच्या वसतिगृहात येतो, त्याची भाषा, त्याचा उपरोध आणि त्याचे एकटेपण यांना त्या खोल्यांतच आकार येतो. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) संगमनेरच्या बोर्डिंगचे दिवस वेगळ्या दाहकतेने येतात. एकाला वसतिगृह म्हणजे घरापासून सुटका, दुसऱ्याला शिक्षणाची एकमेव वाट. दोन्ही ठिकाणी सोबती मात्र बहुधा मराठी बोलणारेच आहेत. निरनिराळ्या भाषांच्या शेजाराची खोली मराठी कादंबरीच्या केंद्रस्थानी क्वचितच आली आहे. ज्या अनुभवाला आपल्या शिक्षणव्यवस्थेत नियमाने जागा नाही त्याला साहित्यातही सहज जागा मिळत नाही.

आजची स्थिती काय आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनी नवागतांची राहण्याची सोय शक्यतो स्वतंत्र इमारतीत करावी असे सांगितले. हा नियम आवश्यक होता, त्याविषयी दुमत नसावे. परंतु त्यामुळे ज्येष्ठ विद्यार्थ्यांकडून मिळणारे वळण नवागताला दुरावते, आणि त्याचे सारे जग बरोबरच्या खोल्यांपुरते उरते. त्या खोल्यांतही गाववाल्याशेजारी गाववाला आला तर पहिले वर्ष संपते तेव्हा विद्यार्थी दिल्लीत असतो, पण दिल्लीला आलेला नसतो. आणखी एक वस्तुस्थिती नोंदवली पाहिजे. दिल्ली विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांना वसतिगृहच नाही. भाड्याच्या खोल्यांत राहणारे विद्यार्थी ओळखीपाळखीनेच जागा शोधतात आणि साहजिकच भाषेभाषेचे घोळके होतात. ज्यांना वसतिगृहातील जागा मिळते त्यांच्याबाबत तरी विद्यापीठाने ही गोष्ट योगायोगावर सोडू नये.

हार्वर्ड विद्यापीठात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एकत्र राहतात आणि त्यानंतर निरनिराळ्या निवासांत जातात. या निवासांची निवड विद्यार्थ्यांवर सोपवली असता एकेका निवासाला एकेका गटाचा रंग चढला, म्हणून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथे वाटप चिठ्ठीने करण्याचे ठरले. त्या विद्यापीठाची श्रीमंती येथे आणता येणार नाही, पण खोल्यांचे वाटप करण्यास श्रीमंती लागत नाही. पहिल्या वर्षी एका खोलीत एकाच मातृभाषेचे दोन विद्यार्थी शक्यतो नसावेत, मात्र त्याच मजल्यावर प्रत्येकाच्या भाषेचे तीनचार सोबती अवश्य असावेत, असा नियम कोणत्याही वसतिगृह-कार्यालयाला कागदपेन्सिल घेऊन अमलात आणता येईल. आधार हाकेच्या अंतरावर राहील आणि परकेपणाही उंबरठ्याच्या आत येईल. याला साताऱ्याचा धडा जोडावा. भोजनगृहाची समिती, वाचनालय, आठवड्यातील एका संध्याकाळी आपापल्या भाषेतील चार ओळी वाचून त्यांचा अर्थ सोबत्याने सांगण्याची प्रथा, अशी कामे पाळीपाळीने सर्वांकडे यावीत. खोली एकत्र असून काम एकत्र नसेल तर मोठ्या भाषेचा विद्यार्थी यजमान होतो आणि लहान भाषेचा पाहुणा. हिंदी किंवा इंग्रजी ही सोयीची भाषा म्हणून प्रत्येक खोलीवर आपोआप पसरेल, ही भीतीही खरी आहे. तिच्यावर उपाय हाच की दुसऱ्याची भाषा थोडीतरी शिकणे हे निवासाच्या कार्यक्रमाचे अंग मानले जावे.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या वसतिगृहांना नद्यांची नावे आहेत. झेलम, लोहित, पेरियार यांच्या जोडीला तेथे गोदावरी आणि कोयना आहेत, आणि चंद्रभागाही आहे. हे शेवटचे नाव ऐकून मराठी विद्यार्थ्याला पंढरपूर आठवते. लाहौलकडच्या विद्यार्थ्याला चंद्रा आणि भागा या दोन प्रवाहांचा संगम आठवतो, ज्याला पुढे चिनाब म्हणतात. दोघे एका खोलीत नसतील तर प्रत्येकाला आपलीच नदी खरी वाटत राहील. भारतीय भाषांच्या विभागांनी अभ्यासक्रम आखावेत, परिसंवाद भरवावेत. त्याबरोबरच दर वर्षी प्रवेशाच्या काळात वसतिगृहाच्या वाटपाच्या यादीवरही एकदा नजर टाकावी. तौलनिक साहित्याचा पहिला धडा त्या यादीत लिहिला जात असतो.