शिकवणीचा निधी खर्च झाला. मूल किती शिकले?

सरकारी पैशातून जादा शिकवणीचे वर्ग चालतात, तेव्हा वर्ग किती, विद्यार्थी किती आणि खर्च किती, एवढाच हिशोब बहुधा मांडला जातो. वर्गात येताना मुलाला काय येत होते आणि जाताना काय येऊ लागले, हे त्यात शोधावे लागते. आमच्या मते खरा हिशोब तोच आहे.

कोरोनाकाळातला सेतू अभ्यासक्रम आठवा. 1 जुलै 2021 पासून 45 दिवस तो राज्यभर राबवला गेला. मागच्या इयत्तेतले राहिलेले भरून काढायचे आणि मध्ये तीन चाचण्या घ्यायच्या, अशी योजना होती. हेतू चांगलाच होता. पण शाळा बंद आणि साहित्य पीडीएफमध्ये. घरातला एकमेव मोबाइल बापासोबत कामावर जात असेल, तर ते मुलापर्यंत पोहोचणार कसे? आपले मूल कुठे अडले, हे तुमच्या वस्तीतल्या किती पालकांना कोणी सांगितले?

2021 मध्येच बार्टीमार्फत दुसरी योजना आली. दहावीत 90 टक्क्यांहून अधिक गुण मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या गरजू विद्यार्थ्यांना नीट, जेईईच्या तयारीसाठी दोन वर्षांत 2 लाख रुपये. ही मदत हवीच. मात्र पाचवीत धडा वाचता न येणारे मूल या दारापर्यंत पोहोचतच नाही.

त्या मुलासाठी कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. कलम 24 नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम 28 शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई करते. कलम 21 नुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणे हे समितीचे काम आहे. वंचित घटकांतील पालकांना तिथे त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते.

सगळा दोष गुरुजींच्या माथी मारणेही बरोबर नाही. रिकाम्या जागा भरणे आणि अशैक्षणिक कामे कमी करणे ही सरकारची जबाबदारी आहे. तोही प्रश्न समितीच्या ठरावातून वर गेला पाहिजे.

गावाने आपला कारभार स्वतः पाहावा, हा विचार गुरुकुंज मोझरीला नवा नाही. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये इथे आश्रम उभारला आणि पुढे ग्रामगीतेत ग्रामस्वावलंबन मांडले. म्हणून सुरुवात मोझरी आणि तिवसा तालुक्यातल्या शाळांपासून व्हावी. तरुणांनी समितीतल्या आपल्या वस्तीच्या पालकांना, विशेषतः आयाबहिणींना, सोबत घ्यावे आणि बैठकीत तीन प्रश्न लेखी विचारावेत: जादा शिकवणीची गरज असलेली मुले किती? त्यांना कोण, केव्हा शिकवते? सहा महिन्यांत किती पुढे गेली? उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करावा आणि विषय ग्रामसभेत मांडावा. मुलांची नावे मात्र कुठेही जाहीर करू नयेत. हिशोब यंत्रणेचा मागायचा आहे, मुलांचा नाही.