गवतातही भेदभाव

मुलीच्या ताटात उरलेसुरले वाढण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तुम्ही ती कुठल्या ना कुठल्या घरात पाहिलीच असेल. पण पायाखालच्या गवतातही असा भेद होऊ शकतो, हे पाहायचे असेल तर कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातल्या बीसी प्लेस या स्टेडियमची गोष्ट ऐका.

5 जुलै 2015 ला याच स्टेडियममध्ये महिलांच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. अमेरिकेने जपानला 5-2 ने हरवले. अमेरिकेच्या कार्ली लॉईडने पहिल्या 16 मिनिटांतच 3 गोल केले. जगाने टाळ्या वाजवल्या, पण त्या दोन्ही संघांच्या पायाखाली होते ते प्लॅस्टिकचे गवत. पुढे याच स्टेडियमला 2026 च्या पुरुषांच्या विश्वचषकाचे सामने मिळाले, तेव्हा मात्र प्लॅस्टिक काढून तिथे खरे गवत अंथरायचे ठरले. स्टेडियम तेच, छत तेच, शहराची हवाही तीच. बदलले ते फक्त खेळणारे.

तुम्ही म्हणाल, गवत खरे काय आणि खोटे काय, खेळणाऱ्याला त्याचे एवढे काय? फरक पडतो. कृत्रिम मैदानात प्लॅस्टिकच्या पात्यांमध्ये वाळू आणि बहुतेकदा जुन्या टायरांपासून केलेले रबराचे काळे दाणे भरलेले असतात. उन्हात हे मैदान खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते. चेंडू वेगळा उसळतो. आणि फुटबॉलमध्ये चेंडू अडवायला जमिनीवर घसरावे लागते, तेव्हा गुडघ्याची, मांडीची कातडी सोलवटून निघते. 2013 मध्ये अमेरिकेची खेळाडू सिडनी लेरू हिने कृत्रिम मैदानावर खेळल्यानंतर आपल्या रक्ताळलेल्या पायांचे छायाचित्र सर्वांसमोर ठेवले होते. त्यावर आणखी बोलण्याची गरज नव्हती.

2015 चा विश्वचषक सहाच्या सहा शहरांत प्लॅस्टिकच्या गवतावर होणार हे कळल्यावर खेळाडू गप्प बसल्या नाहीत. अमेरिकेची अॅबी वॉमबॅक, ब्राझीलची मार्ता, जर्मनीची नादीन अँगरर अशा नामवंत खेळाडूंनी ऑक्टोबर 2014 मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे तक्रार केली. त्यांचे म्हणणे सरळ होते. पुरुषांचा एकही विश्वचषक आजवर कृत्रिम गवतावर झालेला नाही, मग आमचाच का? आयोजकांचे उत्तर होते की कॅनडाच्या हवामानाला कृत्रिम गवत सोयीचे आहे आणि फिफाच्या नियमांत ते बसते. सामने जवळ आले, निकाल काही लागेना. शेवटी जानेवारी 2015 मध्ये खेळाडूंनी तक्रार मागे घेतली आणि प्लॅस्टिकवरच खेळल्या.

हवामानाची ही सबब किती पोकळ होती, हे फुटबॉलच्या इतिहासातच दिसते. 1994 मध्ये पुरुषांचा विश्वचषक अमेरिकेत झाला. डेट्रॉईटजवळचे पाँटियाक सिल्व्हरडोम हे स्टेडियम पूर्ण बंदिस्त होते आणि तिथे कृत्रिम मैदान होते. तरीही मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी बाहेर मोकळ्या जागेत षटकोनी मोठ्या ट्रेमध्ये गवत वाढवले, ते ट्रे आत आणून फरशीसारखे जोडले आणि त्या मैदानावर विश्वचषकाचे 4 सामने खेळवले गेले. म्हणजे जे काम 1994 मध्ये पुरुषांसाठी जमले, ते 21 वर्षांनी बायकांसाठी जमेना! अडचण तंत्राची नव्हती, इच्छेची होती.

2026 साठी तर पुरुषांचे लाड आणखी झाले. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या 3 देशांत 16 स्टेडियम निवडली गेली. त्यांतल्या 8 स्टेडियममध्ये एरवी कृत्रिम मैदान असते. फिफाने सगळीकडे खरे गवत हवे अशी अट घातली आणि त्यासाठी टेनेसी आणि मिशिगन स्टेट या दोन विद्यापीठांत कित्येक वर्षे संशोधन करून घेतले. बंद छताखाली कोणत्या जातीचे गवत तग धरेल, कृत्रिम दिव्यांचा प्रकाश किती लागेल, चेंडू सगळीकडे सारखाच कसा उसळेल, याचे प्रयोग झाले. प्लॅस्टिकच्या चादरीवर वाळू पसरून त्यात गवत वाढवण्याची युक्तीही वापरली गेली. चादरीमुळे मुळे खाली न जाता आडवी पसरतात आणि एकमेकांत गुंततात. मग गवत उचलताना मुळे तुटत नाहीत आणि नव्या जागी ते लवकर खेळण्याजोगे होते.

हे काम घाईत केले तर फसते, हेही खरे. जून 2024 मध्ये कोपा अमेरिका स्पर्धेचा पहिला सामना अटलांटामध्ये झाला. तिथल्या कृत्रिम मैदानावर सामन्याच्या काही दिवस आधीच गवत अंथरले होते. सामना जिंकूनही अर्जेंटिनाच्या खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी मैदानावर सडकून टीका केली. पुरुषांनी तक्रार केली की ती मैदानाबद्दल असते. बायकांनी केली की म्हणतात, यांचे नखरेच फार.

आणि प्रश्न एकट्या गवताचा कधीच नव्हता. 2014 मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मनीच्या पुरुषांच्या संघाला साडेतीन कोटी डॉलर मिळाले. 2015 मध्ये जिंकणाऱ्या अमेरिकेच्या महिलांना मिळाले 20 लाख डॉलर. जिथे बक्षिसात एवढे अंतर, तिथे गवताचा खर्च कोण करणार?

पण कॅनडात हरलेली ती तक्रार वाया गेली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हवाईमध्ये सरावाच्या खराब मैदानावर मेगन रॅपिनोच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. सामन्याच्या मैदानावरचे कृत्रिम गवतही धड नव्हते, म्हणून अमेरिकेच्या महिला संघाने तिथे खेळायलाच नकार दिला आणि सामना रद्द करावा लागला. पुढे याच संघाने समान वेतनासाठी लढा दिला आणि 2022 मध्ये 2 कोटी 40 लाख डॉलरची तडजोड पदरात पाडून घेतली. 2023 चा महिला विश्वचषक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला, तो खऱ्या गवतावर. मागितले म्हणून मिळाले.

आपल्याकडचे चित्र सगळेच वाईट नाही. 2017 च्या मुलांच्या 17 वर्षांखालील विश्वचषकासाठी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममधले कृत्रिम मैदान काढून खरे गवत लावले गेले. 2022 मध्ये त्याच वयोगटातल्या मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला, तेव्हा त्याही खऱ्या गवतावरच खेळल्या. हॉकी तर 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदानावर गेली, पण तिथे पुरुष आणि महिला दोघांसाठी मैदान सारखेच. म्हणजे भांडण प्लॅस्टिकशी नाही. दोघांना दोन प्रकारची मैदाने देण्याशी आहे.

आता तुमच्या शाळेचे, सोसायटीचे, कॉलनीचे मैदान आठवा. संध्याकाळी 6 ते 8 या चांगल्या वेळेत तिथे कोण खेळते? मुली कोपऱ्यात बॅडमिंटनची जाळी लावतात आणि मुलांचा चेंडू आला की तीही गुंडाळतात, असे तर होत नाही ना? टर्फ भाड्याने दिला जातो तिथे मुलींच्या वाट्याला भर दुपारचा, तापलेल्या प्लॅस्टिकचा तास येतो का? सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय तुम्हीच काढा. मुलींसाठी संध्याकाळची ठराविक वेळ लेखी मागा, मैदानावर दिवा मागा, कपडे बदलायला खोली मागा. शाळेत पालकसभा असेल तर क्रीडाशिक्षकांना मुलींच्या संघाच्या सरावाचे वेळापत्रक विचारा. "मुली येतच नाहीत," असे उत्तर मिळेल. तेव्हा विचारा, त्यांना यायला वेळ कोणती दिली होती?

व्हँकुव्हरच्या त्या छताखाली खरे गवत अंथरता येते, हे पुरुषांची पाळी आल्यावर सिद्ध झाले. तुमच्या मुलीने तोवर कशाला थांबायचे?