मॅरियन अँडरसन यांना युरोपने घडवले नाही

१/ मॅरियन अँडरसन यांची कथा बहुधा एकाच साच्यात सांगितली जाते : वर्णद्वेष्ट्या अमेरिकेने झिडकारलेल्या कृष्णवर्णीय गायिकेला उदारमनस्क युरोपने ओळखले आणि जगापुढे आणले. कथा अर्धीच खरी आहे आणि तिच्यातून खरे मानकरीच गळाले आहेत.

२/ अमेरिकेचा अपराध निर्विवाद आहे. फिलाडेल्फियातील एका संगीतशाळेने केवळ वर्णामुळे त्यांना प्रवेश नाकारला. १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने दार लावून घेतले. तेव्हा लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवरून त्या सुमारे ७५,००० श्रोत्यांपुढे गायल्या.

३/ पण म्हणून युरोप निष्कलंक ठरतो काय? १९२४ मध्ये कृष्णवर्णीय गायक रोलँड हेज बर्लिनच्या रंगमंचावर आले, तेव्हा सभागृहाने त्यांची हेटाळणी केली. ते निश्चल उभे राहिले. शांतता झाल्यावर त्यांनी शूबर्टचे गीत गायले, आणि मगच टाळ्या मिळाल्या.

४/ १९३५ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग महोत्सवाने अँडरसन यांना आपल्या कार्यक्रमात स्थान नाकारले. त्यांना महोत्सवाबाहेर गावे लागले. हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला तो १९३८ मध्ये. त्यामुळे हा दोष नाझींच्या माथी मारून सुटका होत नाही.

५/ त्याच साल्झबुर्गमध्ये तोस्कानिनींनी त्यांचे गाणे ऐकले आणि असा आवाज शतकातून एकदाच कानी पडतो, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते उद्गार आज सर्वत्र आढळतात; महोत्सवाचा नकार मात्र क्वचितच सांगितला जातो. प्रशस्तिपत्र जपून नकार विसरणे, याला इतिहास म्हणत नाहीत.

६/ स्कँडिनेव्हियाचे प्रेम खरे होते. फिनलंडचे पियानोवादक कोस्ती वेहानेन यांच्या साथीने तेथे त्यांच्या मैफली गाजल्या. संगीतकार सिबेलियस यांनी त्यांना आपल्या घरी बोलावले. परंतु तोवर त्यांचा आवाज घडलेला होता.

७/ तो घडवला फिलाडेल्फियाच्या युनियन बॅप्टिस्ट चर्चमधील कृष्णवर्णीय मंडळींनी. तेथील गायकवृंदात त्या बालपणापासून गात. वडील वारल्यावर घरची स्थिती बेताची; तेव्हा याच मंडळींनी वर्गणी काढून त्यांच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला. १९२५ मध्ये स्पर्धा जिंकून त्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत गायल्या, तेव्हा युरोपातील कीर्ती अजून दूर होती.

८/ म्हणून 'युरोपने शोधलेली गायिका' असे वाक्य दिसताच एक प्रश्न विचारला पाहिजे : युरोपात पाऊल ठेवण्यापूर्वी त्यांना कोणी शिकवले, आणि त्या शिक्षणाचे पैसे कोणी भरले?