सुवासाचा पैसा कोणाच्या पदरीं?

सणाचा दिवस सरला कीं, गुलटेकडीच्या फुलबाजारांत निशिगंधाचा भाव कोसळतो व शेतकरी रिकाम्या हातानें परततो. त्याच पुणें शहरांत उटणें, साबण व अत्तर यांवर गिऱ्हाईक संतोषानें पैसा खर्चितो. फूल दोन दिवसांत सुकतें, तेल नीट ठेविल्यास टिकतें, हेंच यांतील मर्म होय.

मात्र निशिगंधाचा सुवास साध्या भट्टींत नीट उतरत नाहीं. त्यास द्रावकांचा खर्चिक कारखाना लागतो. उलट रोशा गवताचें तेल वाफेनें सहज निघतें. खानदेशांतील हें तेल एके काळीं मुंबईहून तुर्कस्थानास जाई व तेथें गुलाबाच्या अत्तरांत मिसळलें जाई, इतका त्याचा वास गुलाबाशीं जुळता! साबणांत तें आजही पडतें. वाळ्याच्या मुळांचें तेलही वाफेनेंच काढितात.

एकट्यास भट्टी परवडणार नाहीं. म्हणून पांच-दहा बागाइतदारांनीं मिळून ती घालावी. परंतु लागवडीपूर्वीं गिऱ्हाईक पक्कें करावें, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. एरवीं फुलाप्रमाणें तेलही पडेल भावानें विकावें लागेल.