लाखोरीला बंदी, पॉलिशला मान

या आठवड्यात भंडाऱ्यात शाकाहारावरचं एक व्याख्यान ऐकलं. पडद्यावर आहाराचा तक्ता आला: ओट्स, किन्वा, टोफू, बदामाचं दूध. बाहेर धानाची कापणी सुरू, बांध्यांत लाखोरी पेरून झालेली, आणि तक्त्यात जिल्ह्यातलं एक धान्य नाही. शेवटी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "आमच्या घरी लाखोरी पिकते, ती खावी का?" उत्तर मिळालं, "ती विषारी डाळ आहे, तिच्यावर बंदी आहे." पुढचा प्रश्न घेतला गेला. बाई खाली बसल्या.

लाखोरीनं पाय जातात हे खोटं नाही. तिच्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं आणि ते मज्जारज्जूवर घाला घालतं. १८३० च्या आगेमागे सागर भागात ओळीनं गव्हाची पिकं बुडाली, तगून राहिली ती लाख, म्हणजे हीच लाखोरी. पुढच्या वर्षांत तरणीताठी पोरं कमरेखाली लुळी पडल्याचं स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. रेवा भागात वेठबिगारांना मजुरीच या डाळीत मिळायची. पण दोन्हीकडं एक गोष्ट सारखी होती: ताटात दुसरं काही नव्हतं. एकूण अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखच, तीही सलग दोन-तीन महिने किंवा जास्त, तेव्हा हा रोग गाठतो. वरणाच्या वाटीनं तो येत नाही.

आता तांदूळ घ्या. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरच्या लक्षात आलं की पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लटपटू लागतात, पुढं त्यांना उभंही राहता येत नाही. कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसांतला हाच रोग म्हणजे बेरीबेरी. तोही पायांपासूनच सुरू व्हायचा, आणि भातखाऊ पूर्व आशियात त्यानं असंख्य बळी घेतले. कोंड्याबरोबर जातं ते थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. हातसडीच्या १०० ग्रॅम तांदळात ते ०.२१ मिलिग्रॅम असतं, गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळात ०.०६. आइकमनला १९२९ साली नोबेल मिळालं.

दोन धान्यं. दोन्हींवरच, आणि फक्त त्यांच्यावरच, माणसं जगायला लागली तेव्हा दोन्हींनी पाय नेले. लाखोरीच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली. पॉलिशचा तांदूळ मात्र लग्नाच्या पंगतीपासून रेशनच्या दुकानापर्यंत सगळीकडं मानानं बसला. अलीकडच्या वर्षांत त्याच रेशनच्या तांदळात शंभर दाण्यांमागं एक या प्रमाणात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ घातलेला कारखान्यातला दाणा मिसळला गेला. रक्त कमी असलेल्या बाईला त्याचा उपयोग झाला असेल तर मला आनंदच आहे. पण आधी दाण्याची साल पार तासून काढायची आणि मग बाहेरून सत्त्व घालायचं, हा उलटा रस्ता धरला कुणी? इथून दीडशे किलोमीटरच्या आत, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३५ पासून गांधीजी आणि अर्थतज्ज्ञ कुमारप्पा हातसडीच्या तांदळासाठी जिवाचं रान करत होते. त्यांचं म्हणणं आपल्या घरापर्यंत पोचलंच नाही.

बंदीनं लाखोरी थांबली का? ती बेसनात गेली, तूरडाळीच्या भेसळीत गेली. ज्याला ठाऊक नव्हतं त्यानं ती खाल्ली, ज्यानं उघडपणे पिकवली त्याला भाव मिळाला नाही. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आणि २००८ मध्ये महाराष्ट्रानं ती उठवली. केंद्राच्या २०११ च्या नियमांत मात्र विक्रीबंदीचं कलम पुन्हा आलंच. उभ्या धानात, कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी, ओलीवर फेकून पेरायची ही डाळ. नांगर नाही, पाणी नाही, खत नाही, उलट जमिनीला नत्र देऊन जाते. कोरडवाहू बांधीत धानानंतर एवढ्या कमी खर्चात येणारं दुसरं पीक मला तरी दिसत नाही.

आणि आपल्या ताटाला गरज नेमकी डाळीचीच आहे. आपला शाकाहार म्हणजे भाताचा डोंगर, त्यावर पातळ वरण आणि बाजूला बटाटा. तांदळात प्रथिनं शेकडा सात, तुरीत बावीस, लाखोरीत अठ्ठावीस. तांदळात लायसिन कमी, ते डाळ भरून काढते. म्हणून माझं मागणं लहान आहे: भात एक वाढणी कमी, वरण एक वाटी जास्त आणि घट्ट. हातसडी जमत नसेल तर उकडा तांदूळ आणा, उकडताना ब-१ दाण्याच्या आत मुरतं आणि पॉलिशनंतरही बरंचसं राहतं. ढिवरांच्या घरातल्या मासोळीशी माझं भांडण नाही, तलावाकाठचं ते उत्तम अन्न आहे.

माझं भांडण साबुदाण्याशी आहे, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. शंभर ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅम प्रथिनं, बाकी नुसतं पिष्ट. सोमवार, चतुर्थी, एकादशी, तिन्ही दिवस तेच. आपल्याकडं पन्नाशीच्या आत साखर वाढते त्यात या उपवासांचा मोठा हात आहे, असं माझं ठाम मत आहे. आपल्याच तलावांत ढिवर बांधव शिंगाडा पिकवतात. उपवासाला तो असताना सेलमचा साबुदाणा कशाला?

त्या बाईंना सभागृहात मिळायला हवं होतं ते उत्तर इथं देतो. लाखोरी खा, पण रोज आणि एकटी नको, तूर-मूग-हरभऱ्याबरोबर आलटून पालटून. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी ओता. ओडॅप पाण्यात विरघळतं, त्यातलं बरंच निघून जातं. पेरायची असेल तर रतन, प्रतीक किंवा महातेवडा यांचं बियाणं मागा, त्यांत ओडॅप ०.१ टक्क्याच्या आत असतं. अडचण अशी की बाजारात ढिगातली लाखोरी कोणत्या वाणाची हे ना विकणाऱ्याला सांगता येतं ना घेणाऱ्याला. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रानं या हंगामात गावागावांतले नमुने तपासून वाणाच्या नावासह निकाल जाहीर करावेत, आणि केंद्र सरकारनं आपलं विक्रीबंदीचं कलम सरसकट डाळीला न लावता ओडॅपच्या मर्यादेला लावावं. पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येईल, तोवर एवढं होऊ शकतं.