पडद्यापलीकडचे डॉक्टर

घरबसल्या मोबाइलवर डॉक्टरांचा सल्ला मिळूं लागल्यापासून, दवाखान्याची पायरी चढण्याचें प्रयोजन कितपत उरलें आहे, ह्या प्रश्नाचा काथ्याकूट प्रत्येक सुशिक्षित घरांत थोडाबहुत झालेलाच आहे. डॉक्टरांचीं मतें वर्तमानपत्रांतून येतात. कंपन्यांच्या जाहिराती तर रोजच येतात. ज्याचें दुखतें त्याचें म्हणणें मात्र क्वचितच कोणी विचारतें. आमच्याकडे आलेल्या पत्रांत तें आढळलें, म्हणून ह्या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

तरुणांस पडद्यावरचा डॉक्टर रुचतो व वृद्धांस तो रुचत नाहीं, असें सामान्यतः समजलें जातें. पण कोंकणांतील एक सत्तरी उलटलेले गृहस्थ लिहितात कीं, मधुमेहाच्या तपासणीचे आंकडे दाखवून गोळ्यांचें प्रमाण ठरवून घेण्यासाठीं दर तीन महिन्यांनीं मुंबईस जावें, रात्रभर गाडींत अवघडावें, मुलाची एक रजा खर्ची घालावी, आणि डॉक्टरांसमोर पांच मिनिटें बसून परतावें, हा खटाटोप आतां सुटला. त्याबद्दल ते त्या पडद्यास मनापासून दुवा देतात. उलट पुण्याच्या एका सुनेचें पत्र पाहा. घरांत इंटरनेट आहे, मोबाइल उत्तम आहे, डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत. तरी तिचें मागणें एवढेंच कीं, मला दवाखान्यांतच जाऊं द्यावें. घरांत माणसें सात आणि खोल्या तीन. अंगावर जाण्याचा त्रास किंवा मनाची घालमेल सांगावयाची, तर आवाज लपवावा कोठें ? पडदा बोलका झाला, पण भिंतींचे कान कांहीं गेले नाहींत.

वादाची खरी गोम आम्हांस ह्या दुसऱ्या पत्रांत दिसते. कोणता रोग दुरून पाहावा व कोणता समोरून, हें पुष्कळसें ठरवितां येतें. रोगी बोलत असतां त्याच्याभोवतीं कोण उभें आहे, ह्याचा विचार मात्र कोणी करीत नाहीं.

दुरून वैद्यकी करणें ही कांहीं आजची नवलाई नव्हे. एडिंबरो येथील विख्यात डॉक्टर विल्यम कलन (१७१०–१७९०) हे टपालानें आलेल्या पत्रांवरून कितीतरी रोग्यांस उपचार सांगत. तो पत्रव्यवहार तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें जतन केलेला आहे. टेलिफोनचें पेटंट १८७६ चें. तीनच वर्षांनीं, १८७९ मध्यें, मुलाचा खोकला टेलिफोनवर ऐकून निदान केल्याची हकीकत 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत आली. इतकेंच नव्हे, तर जवळून तपासण्याची खूण म्हणून आपण ज्या स्टेथॉस्कोपकडे पाहतों, तोही अंतर राखण्यासाठींच जन्मला. १८१६ मध्यें पॅरिस येथें डॉ. लेनेक यांस एका तरुण स्त्रीच्या छातीस कान लावणें प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनीं कागदाची सुरळी करून तिच्यांतून ठोके ऐकले. रोग्याची लाज राखण्यासाठीं घेतलेलें अंतर असें उपकारकही होतें.

तरी हाताची गोष्ट निराळी. "डॉक्टरांनीं हातसुद्धां लावला नाहीं" ही तक्रार आपल्या घरांतून नेहमी ऐकूं येते, आणि कित्येक शिकलेले लोक तिला हसतात. आम्हांस ती हसण्यावारी नेण्याजोगी वाटत नाहीं. पोट कोठें दाबल्यानें दुखतें, गांठ हलते कीं घट्ट आहे, हें हातासच कळतें. शिवाय रोगी दारांतून आंत येतो तेव्हांच डॉक्टर त्याची चाल पाहतात, धाप पाहतात. पडद्यावर चेहरा तेवढा दिसतो; पायांवरची सूज चौकटीच्या बाहेर राहते, आणि ती दाखवावी हें रोग्यास सुचत नाहीं. घरचीं यंत्रें ही उणीव पुरती भरून काढतात असेंही नाहीं. बोटास लावून रक्तांतील प्राणवायु मोजणारें यंत्र कृष्णवर्णीय रोग्यांत कधीं कधीं खऱ्याहून चढा आंकडा दाखवितें, असें अमेरिकेतील एका अभ्यासांत २०२० सालीं आढळून आलें.

आपल्याकडे कायद्याची बाजूही बरेच दिवस अंधुक होती. डॉक्टर गैरहजर असतां फोनवरून औषध सांगितलें गेलें व रोगी दगावला, अशा एका प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ मध्यें अटकपूर्व जामीन नाकारला. तेव्हांपासून पुष्कळ डॉक्टर फोनवर बोलण्यास कचरूं लागले. पुढें कोरोनाची सांथ आली आणि २५ मार्च २०२० रोजीं दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचना सरकारनें प्रसिद्ध केल्या. त्यांतील दोन-तीन गोष्टी घरोघर ठाऊक असाव्या. दुरून तपासणी पुरेशी नाहीं असें वाटल्यास रोग्यास समोर बोलावण्याचा डॉक्टरांस अधिकार आहे, व रोग्यासही मध्येंच तो सल्ला थांबविण्याची मोकळीक आहे. गुंगीचीं व तत्सम कांहीं औषधें अशा रीतीनें लिहून देतां येत नाहींत. औषधपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावाच लागतो. रोगी स्वतः हजर नसतां त्याच्या वतीनें दुसऱ्यानें बोलावयाचें, तर रोगी अज्ञान किंवा असमर्थ असला पाहिजे, अथवा बोलणाऱ्याजवळ अधिकारपत्र किंवा नात्याचा पुरावा पाहिजे. भारताबाहेरील सल्ल्यास ह्या सूचना लागू नाहींत, हें परदेशीं स्थायिक झालेल्या चिरंजीवांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां आपल्या घरांतील चाल पाहा. मोबाइल धरतो मुलगा, प्रश्न ऐकतो मुलगा, आणि "आईला भूक बरी लागते, झोपही लागते" हें उत्तरही तोच देतो. सासूबाई पलंगावर मुकाट्यानें बसलेल्या असतात. तिकडे न्यू जर्सीहून धाकटे चिरंजीव तिसऱ्या चौकटींतून रक्तदाबाचे आंकडे विचारीत असतात. हेतु सर्वांचा चांगला, ह्यांत शंका नाहीं; पण रात्रीं चार वेळां उठावें लागतें हें त्या माउलीनें दोन मुलांसमोर व सुनेसमोर सांगावें तरी कसें ? दवाखान्यांतही सोबतीचें माणूस पुढें पुढें करतेंच; परंतु तेथें डॉक्टर "आपण जरा बाहेर बसा" असें म्हणूं शकतात. आपल्याच घरांतल्या माणसांस बाहेर कोणी घालवावें ?

सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेंत पुष्कळ ठिकाणीं निराळी सोय आहे. गांवच्या आरोग्यकेंद्रांत शिकलेला आरोग्यसेवक रोग्याजवळ बसतो, रक्तदाब पाहतो, आणि डॉक्टर दूर पडद्यावर असतात. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ह्या सेवेंत १० कोटींहून अधिक सल्ले दिले गेले, व त्यांचा लाभ घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. जवळ बसणारें माणूस जाणतें आहे आणि घरचें नव्हे, ह्या दोन्ही गोष्टी एकदम साधणें शहरांतल्या सुखवस्तु घरांस सुद्धां जमलेलें नाहीं.

घरीं करण्याजोगें आहे तें फार अवघड नाहीं. अगोदर कागदावर त्रासाची टिपणें आजींनीं किंवा सूनबाईंनीं स्वतः सांगून करून घ्यावीं. पडदा जुळवून द्यावा. मोबाइल त्यांच्या हातीं द्यावा आणि दार ओढून घेऊन बाहेर यावें. काय बोलणें झालें तें त्या सांगतील तेवढेंच ऐकावें. औषधांच्या वेळा नीट कळल्या नाहींत, तर शेवटीं दोन मिनिटें आंत जाऊन विचारावें. जेथें एवढाही एकांत मिळणें शक्य नाहीं, तेथें दवाखान्यांत जाण्याचा हट्ट हा हट्ट समजूं नये. रिक्षाचे पैसे द्यावे. आणि मनाच्या त्रासासाठीं १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आहे. तिला पडदा लागत नाहीं, साधा फोन पुरतो, आणि गच्चीवर वाळवण राखतां राखतांही तेथें बोलतां येतें.